बटाट्याच्या पानावरील मारेकरी ओळखणारा पाद्री

१८४५ च्या उन्हाळ्यात युरोपातील बटाट्याची शेते एकामागून एक काळी पडू लागली. पानांवर प्रथम तपकिरी डाग, मग संपूर्ण झाड करपलेले आणि जमिनीखालील बटाटे कुजून सुटलेली दुर्गंधी, असे दृश्य बेल्जियमपासून दक्षिण इंग्लंडपर्यंत दिसत होते. सप्टेंबरमध्ये रोग आयर्लंडला पोहोचला. तेथील लाखो गरिबांचे पोट जवळजवळ केवळ बटाट्यावर अवलंबून होते. पुढील काही वर्षांत सुमारे १० लाख माणसे भूक आणि साथीच्या रोगांनी दगावली. तितक्याच किंवा त्याहून अधिक लोकांनी देश सोडला. या संकटाचे मूळ कारण अचूक ओळखणाऱ्या मोजक्या माणसांत इंग्लंडच्या एका खेड्यातील धर्मोपदेशक अग्रभागी होते. रेव्हरंड माइल्स जोसेफ बर्कली हे त्यांचे नाव.

बर्कली यांचा जन्म १ एप्रिल १८०३ रोजी नॉर्थम्प्टनशायर परगण्यात झाला. रग्बी येथील शाळा, केंब्रिजचे क्राइस्ट्स कॉलेज आणि त्यानंतर धर्मदीक्षा, हा त्या काळातील सुशिक्षित इंग्रज तरुणाचा ठरलेला मार्ग त्यांनी चोखाळला. मार्गेट या समुद्रकाठच्या गावी सेवेत असताना शंख-शिंपले व सागरी शेवाळ यांचा त्यांना छंद जडला होता. १८३३ मध्ये ॲपथॉर्प आणि वुडन्यूटन या दोन लहान गावांची जबाबदारी त्यांच्याकडे आली. राहण्यासाठी त्यांनी जवळचे किंग्ज क्लिफ निवडले. उत्पन्न तुटपुंजे आणि कुटुंब मोठे, त्यामुळे घरी विद्यार्थी ठेवून शिकवण्यावाचून गत्यंतर नव्हते. संशोधनासाठी उरत असे तो प्रवचने, शिकवण्या आणि संसार यांतून वाचलेला वेळ. आजच्या एखाद्या प्राध्यापकालाही लाजवील एवढे काम त्यांनी त्या वेळात केले.

बुरशी हा त्यांचा खरा विषय ठरला. ब्रिटिश वनस्पतींवरील एका प्रसिद्ध ग्रंथमालेतील बुरशींचा भाग त्यांनी लिहिला. तो १८३६ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन वर्षांनी, छत्रीसारख्या अळंब्यांच्या बीजाणूंची जडणघडण त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली उलगडून दाखवली. चार्ल्स डार्विन यांनी ‘बीगल’ जहाजावरून आणलेल्या बुरशींचे वर्णनही बर्कली यांनीच केले. दक्षिण अमेरिकेच्या टोकाला बीच वृक्षांवर वाढणाऱ्या आणि तेथील आदिवासी खात असलेल्या एका बुरशीला त्यांनी डार्विन यांचे नाव दिले.

बटाट्याच्या रोगाने मात्र या शांत अभ्यासाला वेगळेच वळण लागले. रोगट पानाच्या खालच्या बाजूस पांढरी, नाजूक बुरशी दिसते, हे अनेकांनी पाहिले होते. पॅरिसमध्ये कामीय मोंतान्य यांनी तिला शास्त्रीय नावही दिले होते. प्रश्न एवढाच होता, की ही बुरशी रोगाचे कारण आहे की परिणाम? इंग्लंडमधील ख्यातनाम वनस्पतिशास्त्रज्ञ जॉन लिंडली यांच्या मते दोष हवामानाचा होता. थंड, ओल्या आणि सूर्यप्रकाशाविना गेलेल्या हंगामात झाडांनी नको तेवढे पाणी शोषले, ते कुजले आणि कुजलेल्यावर बुरशी आली, अशी त्यांची मांडणी होती. बहुतेक जाणकार याच बाजूचे होते. कोणी आगगाडीच्या इंजिनांना दोष देत होते, कोणी ग्वानो खताला, कोणी ईश्वरी कोपाला. ज्यांचा व्यवसायच ईश्वराची वाणी सांगण्याचा, त्या बर्कली यांनी मात्र कोपाची वाट न धरता पान सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले, हे विशेष.

१८४६ मध्ये लंडनच्या हॉर्टिकल्चरल सोसायटीच्या नियतकालिकात त्यांनी आपला निबंध प्रसिद्ध केला. बुरशीचे तंतू पानाच्या आतल्या पेशींमधून वाढतात आणि रंध्रांतून बाहेर पडून बीजाणू धारण करतात. ओलसर हवेचा हातभार तिला मिळतो, पण रोग ती स्वतः घडवते, असा निष्कर्ष त्यांनी काढला. बहुमत विरुद्ध आहे याची त्यांना पुरेपूर कल्पना होती. पाश्चर यांचे जंतुविषयक संशोधन अजून दीड दशक दूर होते, हे लक्षात घेतले म्हणजे या विधानाचे धाडस कळते.

दुर्दैव असे, की त्यातून एकही बटाटा वाचला नाही. सरकारने आयर्लंडला पाठवलेल्या शास्त्रज्ञांच्या मंडळात लिंडली होते, बर्कली नव्हते. बटाटे कोरडे ठेवा, हवेशीर खड्ड्यांत साठवा, असा सल्ला या मंडळाने दिला. तो निरुपयोगी ठरला. अर्थात बर्कली यांच्याकडेही औषध नव्हते आणि निर्विवाद पुरावाही नव्हता. निरोगी पानावर बीजाणू ठेवून रोग घडवून दाखवण्याचे निर्णायक काम जर्मनीच्या अँटोन डी बारी यांनी १८६१ मध्ये केले. त्यांनीच १८७६ मध्ये या जीवाला ‘फायटोफ्थोरा’, म्हणजे वनस्पतींचा संहारक, असे नाव दिले.

मतभेद होते तरी लिंडली यांनी आपल्या ‘गार्डनर्स क्रॉनिकल’ची पाने बर्कली यांना खुली ठेवली, ही गोष्ट दोघांनाही शोभणारी. तेथेच १८५४ ते १८५७ या काळात बर्कली यांनी वनस्पतींच्या रोगांवर प्रदीर्घ लेखमाला लिहिली. ब्रिटनमध्ये या शास्त्राचा पाया तिने घातला, असे मानले जाते. १८४७ मध्ये त्यांनी द्राक्षवेलींवरील एका पांढऱ्या बुरशीला, ती मार्गेटमध्ये प्रथम टिपणाऱ्या एडवर्ड टकर या माळ्याचे नाव दिले. नाशिक आणि सांगलीचे बागायतदार जिला भुरी म्हणतात आणि जिच्यावर गंधक मारतात, तीच ही. १८६९ मध्ये सिलोनहून आलेल्या कॉफीच्या पानांवरील तांबेऱ्याचे त्यांनी ख्रिस्तोफर ब्रूम यांच्यासमवेत वर्णन केले. पुढे त्याच तांबेऱ्याने सिलोनच्या कॉफीचा घास घेतला आणि तेथील मळ्यांत चहा आला.

रॉयल सोसायटीने त्यांना १८६३ मध्ये रॉयल मेडल दिले. सदस्यत्व मात्र १८७९ मध्ये, वयाच्या ७६ व्या वर्षी! त्याच साली त्यांनी आयुष्यभराचा बुरशीसंग्रह क्यू येथील उद्यानाला दिला. सुमारे ६ हजार नव्या जातींची नोंद त्यांच्या, आणि काही ठिकाणी सहकाऱ्यांच्या, नावावर आहे. १८६८ पासून ते सिबर्टॉफ्ट येथे धर्मोपदेशक होते. तेथेच ३० जुलै १८८९ रोजी त्यांचे निधन झाले. त्याच दशकात फ्रान्समध्ये मोरचूद व चुन्याचे बोर्डो मिश्रण पुढे आले होते. बटाट्याच्या करप्यावरील पहिला खात्रीचा उपाय तोच ठरला.

बर्कली ज्याला बुरशी समजले तो जीव खऱ्या अर्थाने बुरशी नाही, असे आजचे वर्गीकरण सांगते; त्याचे नाते तपकिरी शेवाळाशी अधिक जवळचे आहे. २०१३ मध्ये संशोधकांनी क्यू आणि म्युनिक येथील संग्रहांत जपलेल्या एकोणिसाव्या शतकातील वाळक्या बटाटा-पानांतून त्याचा डीएनए मिळवला आणि आयर्लंडवर दुष्काळ लादणारा नेमका वाण शोधून काढला. त्याला ‘हर्ब-१’ असे नाव देण्यात आले आहे.