नगरांचा वैद्य : पॅट्रिक गेडीस

१९१७ च्या दिवाळीत इंदुरात एक आगळी मिरवणूक निघाली. शहरावर प्लेगचे सावट होते. होळकर दरबाराने सल्ल्यासाठी बोलाविलेल्या एका स्कॉटिश प्राध्यापकाने जाहीर केले, की ज्या रस्त्यावरील घरे सर्वांत स्वच्छ व दुरुस्त असतील, त्याच रस्त्याने मिरवणूक जाईल. मग काय, घरोघरी झाडलोट आणि रंगसफेदी सुरू झाली. मिरवणुकीत झाडूवाल्यांना मानाचे स्थान मिळाले आणि शेवटी घाणीच्या राक्षसाचे दहन झाले. हा प्राध्यापक म्हणजे पॅट्रिक गेडीस. त्याच वर्षी त्यांचा थोरला मुलगा फ्रान्समध्ये युद्धात मारला गेला होता. ही वार्ता त्यांनी आजारी पत्नीपासून लपविली, आणि थोड्याच दिवसांत तीही कलकत्त्यास निवर्तली.

गेडीस यांचा जन्म १८५४ चा. ते वास्तुशिल्पी नव्हते. हक्सले यांच्या हाताखाली तयार झालेले जीवशास्त्रज्ञ होते. मेक्सिकोत असताना त्यांची दृष्टी काही काळ गेली आणि सूक्ष्मदर्शकावरील काम दुरावले. पुढे त्यांच्या अभ्यासाचा विषय झाला शहर. विवाहानंतर पत्नी ॲना यांच्यासह ते एडिंबरोच्या जुन्या, दाटीच्या वस्तीत राहावयास गेले आणि तेथील पडकी घरे दुरुस्त करू लागले. १८९२ साली त्यांनी तेथील एक मनोरा ताब्यात घेतला. त्याच्या तळमजल्यावर जगाचे आणि माथ्यावर एडिंबरोचे दर्शन घडे. आपली गल्ली आणि पृथ्वी यांचे नाते विद्यार्थ्याला पायऱ्या चढता चढता कळावे, ही त्यामागील कल्पना.

१९१४ मध्ये त्यांचे नगररचना-प्रदर्शन हिंदुस्थानकडे येत असता ‘एम्डेन’ या जर्मन युद्धनौकेने ते जहाजच बुडविले. गेडीस खचले नाहीत. नवे साहित्य जमवून त्यांनी मद्रासेत प्रदर्शन भरविले. मग ते गावोगावच्या गल्ल्या पायी हिंडले. दाट वस्तीतून सरळ रुंद रस्ता काढण्यासाठी शेकडो घरे पाडण्याची तेव्हा रीत होती. गेडीस यांनी ती नाकारली. मोडकळीस आलेली मोजकी घरे काढावीत, मोकळ्या जागेत झाड लावावे, बाकीची घरे राखावीत, हा त्यांचा उपचार. हिवतापाच्या भीतीने तलाव बुजविण्याऐवजी त्यांत मासे सोडावेत, असे ते सांगत. कारण तलाव हवाही थंड ठेवतो.

१९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात ते समाजशास्त्राचे प्राध्यापक झाले. डॉ. गो. स. घुर्ये यांच्यातील विद्वान त्यांनीच हेरला. त्यांचे लेखन दुर्बोध, व्याख्याने विस्कळीत. अनेक अहवाल दप्तरातच राहिले. १९३२ मध्ये फ्रान्समध्ये त्यांचे निधन झाले.

२०१५ च्या पॅरिस करारात राष्ट्रांनी तापमानवाढ रोखण्याचे वचन दिले. ऊर्जेच्या वापरातून होणाऱ्या कार्बन उत्सर्जनात इमारतींचे बांधकाम आणि वापर यांचा वाटा सुमारे एक तृतीयांश आहे. उभे असलेले घर पाडणे म्हणजे त्यात एकदा खर्ची पडलेली ऊर्जा मातीत घालणे होय. तरीही आपल्या शहरांत वाडे पडतात, विहिरी बुजतात आणि त्यालाच विकास म्हटले जाते. जागतिक परिषदांतील ठराव अखेर कोणाच्या तरी नकाशावर उतरावे लागतात. तो नकाशा काढणाऱ्या वास्तुशिल्प्याने पेन्सिल उचलण्यापूर्वी गल्लीतून एक फेरी मारावी, एवढीच गेडीस यांची शिकवण आहे. ती आचरण्यास कोणत्याही कराराची वाट पाहावी लागत नाही.