हिशेब मांडणारे दादाभाई



या महिन्याच्या भित्तिपत्रकासाठी गुरुजींनी मला दादाभाई नौरोजी यांचे चरित्र लिहायला सांगितले. मला गणित मुळीच आवडत नाही आणि दादाभाई तर गणिताचेच प्राध्यापक! म्हणून मी आधी जरा हिरमुसले. पण वाचत गेले तशी गोडी लागली.

दादाभाईंचा जन्म ४ सप्टेंबर १८२५ रोजी मुंबईत एका गरीब पारशी कुटुंबात झाला. ते चार वर्षांचे असताना वडील वारले. आई माणेकबाई यांना लिहिता-वाचता येत नव्हते, पण मुलाने शिकलेच पाहिजे असा त्यांनी ध्यास घेतला. नशिबाने दादाभाईंच्या शाळेत फी नव्हती. असती तर त्यांचे शिक्षण तिथेच थांबले असते. ही गोष्ट ते जन्मभर विसरले नाहीत. आपण लोकांच्या पैशावर शिकलो, तेव्हा लोकांचे देणे आपल्या डोक्यावर आहे, असे ते मानत.

ते देणे त्यांनी लवकरच फेडायला सुरुवात केली. १८४९ साली त्यांनी आणि त्यांच्या मित्रांनी मुंबईत मुलींसाठी शाळा काढल्या. मुलींना शाळेत पाठवा, म्हणून ते घरोघर फिरले. लोक नावे ठेवत, पण ते मागे हटले नाहीत. पगार न घेता त्यांनी मुलींना शिकवले. पुढे तिशीच्या आतच ते एल्फिन्स्टन कॉलेजात प्राध्यापक झाले. तोवर हा मान कुठल्याही हिंदी माणसाला मिळाला नव्हता.

१८५५ साली ते कामा कंपनीच्या व्यापारासाठी लंडनला गेले. तिथली श्रीमंती पाहून त्यांना प्रश्न पडला, आपला देश एवढा गरीब का? नुसते हळहळत न बसता त्यांनी सरकारचेच अहवाल उघडले आणि बेरजा मांडल्या. १८७० च्या आसपास हिंदुस्थानात माणसी वर्षाचे उत्पन्न सरासरी २० रुपये येते, असे त्यांनी काढले. मीसुद्धा पाटीवर गणित केलं. तेव्हा रुपयाचे १६ आणे होते. २० गुणिले १६ म्हणजे ३२० आणे. वर्षाचे दिवस ३६५. म्हणजे दिवसाला एक आणासुद्धा पडत नव्हता! तुरुंगातल्या कैद्याच्या अन्नवस्त्रावर याहून जास्त खर्च होत होता, हेही त्यांनी सरकारी आकड्यांवरूनच दाखवून दिले.

मग पैसा जायचा कुठे? इंग्रज साहेबांचे मोठे पगार, त्यांची पेन्शने, लंडनच्या कचेरीचा खर्च, कर्जाचे व्याज, दुसऱ्या देशांतल्या लढाया, हे सगळे आपल्या रयतेच्या करातून भरले जाई. मी हे आबांना वाचून दाखवलं. आबा म्हणाले की, आपल्या विहिरीचं पाणी आपल्याच रानात गेलं तर निदान जमीन तरी ओली होते, पण पाटच दुसऱ्या गावाला नेला तर आपलं रान करपणारच. दादाभाईंचे म्हणणे अगदी हेच होते. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात आपल्या दख्खनमध्ये लाखो माणसे अन्नावाचून मेली, तेव्हाही सरकारने करवसुली सोडली नव्हती.

आता आमच्या घरची गोष्ट सांगते. आई-बाबा दरसाल ऊसतोडीला जातात. यंदा मलाही सोबत न्यायचं चाललं होतं, पण शाळा बुडेल म्हणून आबांनी मला ठेवून घेतलं. आई-बाबा येईपर्यंत किराणा उधारीवर चालतो. दुकानदार सांगतील तो आकडा आबा खरा धरायचे. दादाभाईंचं वाचल्यावर मी उधारीची वही घेऊन बसले. तीन वेळा बेरीज केली. तेलाचा एक डबा दोनदा मांडलेला निघाला! आबा आणि मी दुकानात गेलो. माझे तर पाय लटपटत होते. पण दुकानदारांनी वही पाहिली, चूक कबूल केली आणि आकडा खोडला.

दादाभाईंच्या वाट्याला मात्र असे आले नाही. चाळीस वर्षे ते इंग्रजांपुढे हिशेब मांडत राहिले. १८९२ साली लंडनमधून अगदी थोड्या मतांनी निवडून येऊन ते पार्लमेंटात गेले. तिथेही त्यांनी हिंदुस्थानचीच बाजू मांडली. १९०१ साली मोठा ग्रंथ लिहिला. पण सरकारने चूक सुधारली नाही. शेवटी १९०६ साली कलकत्त्याच्या काँग्रेसमध्ये, वयाच्या ८१ व्या वर्षी, अध्यक्ष म्हणून त्यांनी स्वराज्य मागितले. मला याचा अर्थ असा कळला की, समोरचा चूक दुरुस्त करत नसेल तर वहीच आपल्या हातात घ्यावी लागते.

३० जून १९१७ रोजी मुंबईत दादाभाईंचे निधन झाले. स्वातंत्र्य त्यांना पाहता आले नाही. पण देश गरीब का झाला, हे त्यांनी आकड्यांनिशी लोकांना समजावून दिले होते. म्हणून त्यांना भारताचे पितामह म्हणतात.

मित्रांनो, आपल्या शाळेतही फी नाही. आपली पुस्तकं आणि दुपारचा भात लोकांच्या करातूनच येतो. मग आपल्याही डोक्यावर देणं आहेच की! मी ते थोडं थोडं फेडायला लागले आहे. दर रविवारी मी आमच्या गल्लीतल्या दोन आज्यांच्या उधारीच्या वह्या तपासून देते. आणि गणिताची मला आता पहिल्यासारखी भीती वाटत नाही.

थोर दादाभाईंना माझे विनम्र अभिवादन!

— एक विद्यार्थिनी, इयत्ता सातवी