विश्लेषण : व्हिक्टोरिया क्रॉस विजेते यशवंत घाडगे कोण होते? इटलीत त्यांचे स्मारक का उभारले गेले?

मध्य इटलीतील पेरुजिया प्रांतात मोंतोने नावाचे छोटे गाव आहे. जुलै २०२३ मध्ये तेथे एका सूर्यघड्याळाचे अनावरण झाले. हे घड्याळ म्हणजे रायगड जिल्ह्यातील एका मराठी जवानाचे स्मारक आहे. नाईक यशवंत घाडगे यांनी दुसऱ्या महायुद्धात याच परिसरात जर्मनांचे मशीनगनचे ठाणे एकट्याने काबीज केले. त्यानंतर लपून बसलेल्या शत्रूच्या स्नायपरनी त्यांचा वेध घेतला. तेव्हा ते अवघ्या २२ वर्षांचे होते.

इटलीत मराठा पलटण कशी पोहोचली?

घाडगे यांचा जन्म १६ नोव्हेंबर १९२१ रोजी माणगाव तालुक्यातील पळसगाव-आग्रेचीवाडी येथे झाला. रायगड जिल्हा तेव्हा कुलाबा नावाने ओळखला जात असे. ब्रिटिश हिंदी सैन्याच्या पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या बटालियनमध्ये ते नाईक होते. इटलीच्या मोहिमेत हिंदी सैन्याच्या चौथ्या, आठव्या आणि दहाव्या डिव्हिजनचे मिळून ५० हजारांहून अधिक जवान लढले. जून १९४४ मध्ये रोम दोस्त राष्ट्रांच्या ताब्यात आल्यावर जर्मन सैन्य उत्तरेकडे हटू लागले. मागे गॉथिक लाइन ही संरक्षक फळी उभी करण्यासाठी त्यांना वेळ हवा होता. त्यामुळे टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यातील प्रत्येक टेकडी ते अडवून धरत होते.

स्नायपरचा धोका एवढा का असतो?

माघार घेणारे सैन्य मोक्याच्या उंचवट्यावर मोजकीच माणसे ठेवते. मशीनगन पुढे येणाऱ्यांना जमिनीला खिळवते, तर स्नायपर आडोशाला लपून एकेकाला टिपतो. गोळी नेमकी कोठून आली, हेच समोरच्याला कळत नाही. १९३९-४०च्या हिवाळी युद्धात फिनलंडच्या सिमो हायहा याने सोव्हिएत फौजेचे पाचशेहून अधिक सैनिक टिपल्याचे मानले जाते. त्याचे नाव जगभर झाले. घाडगे यांना टिपणारे मात्र अज्ञातच राहिले.

१० जुलै १९४४ रोजी काय घडले?

त्या दिवशी घाडगे यांच्या कंपनीने भक्कम बंदोबस्त असलेल्या जर्मन मोर्चावर हल्ला चढवला. घाडगे यांच्या हाताखालच्या सेक्शनवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला. सेक्शनमधील सगळे जवान ठार किंवा जखमी झाले. उभे राहिले एकटे घाडगे. सोबतीला कोणी नाही हे ठाऊक असूनही ते थेट ठाण्यावर धावून गेले. त्यांनी आधी हातबॉम्ब फेकून मशीनगन आणि ती चालवणारा सैनिक निकामी केला. मग टॉमीगनने आणखी एकाला टिपले. मॅगझिन बदलायला उसंत नव्हती, म्हणून त्यांनी बंदूक नळीकडून धरली आणि तिच्या तडाख्यांनी उरलेल्या दोघांना ठार केले. ठाणे हाती आले, पण स्नायपरच्या गोळ्या त्यांच्या छातीत आणि पाठीत लागल्या. जिंकलेल्या ठाण्यातच त्यांनी प्राण सोडला.

सन्मान कोणता मिळाला?

त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला. ब्रिटिश साम्राज्यातील हा सर्वोच्च शौर्य सन्मान १८५६ मध्ये सुरू झाला, पण हिंदी सैनिकांना तो १९११ पर्यंत मिळू शकत नव्हता. इटलीच्या मोहिमेत दिल्या गेलेल्या २० व्हिक्टोरिया क्रॉसपैकी सहा हिंदी सैनिकांनी मिळवले. एप्रिल १९४५ मध्ये सेनिओ नदीवरील लढाईत संगमनेर तालुक्यातील निमजचे नामदेव जाधव यांनीही तो पटकावला. ते मराठा लाइट इन्फंट्रीच्याच पहिल्या बटालियनचे होते. जाधव जिवंत परतले, घाडगे परतले नाहीत.

मग त्यांचा विसर का पडला?

१९४४ मध्येच आझाद हिंद सेना इम्फाळच्या आघाडीवर ब्रिटिशांविरुद्ध लढत होती. स्वातंत्र्यानंतर साहजिकच तिचा इतिहास पुढे आला, तर ब्रिटिशांच्या गणवेशात लढलेल्यांबद्दल बोलताना संकोच राहिला. हा प्रश्न टाळण्यासारखा नाही. घाडगे ज्या साम्राज्यासाठी लढले, त्यानेच त्यांच्या देशाला गुलाम ठेवले होते. पण समोर नाझी जर्मनीचे सैन्य होते, हेही तितकेच खरे. इटलीच्या मोहिमेत ५,७८२ हिंदी जवानांनी प्राण गमावले. साम्राज्याचा हिशेब मांडताना त्यांच्या मरणाची नोंद पुसली जाऊ नये.

आज त्यांची आठवण कोठे आहे?

घाडगे यांची स्वतंत्र समाधी नाही. इटलीतील कसिनो येथील युद्धस्मारकावर त्यांचे नाव कोरलेले आहे. माणगावात त्यांचा पुतळा आहे. मोंतोनेचे सूर्यघड्याळ तेथील स्थानिक प्रशासन आणि इटलीतील लष्करी इतिहासकारांनी मिळून उभारले. आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो, अशा अर्थाचे लॅटिन बोधवाक्य या स्मारकासाठी निवडण्यात आले. ज्या भूमीवर परक्या देशाचा हा तरुण जवान पडला, तिथल्या लोकांनी ७९ वर्षांनीही त्याचे नाव जपले आहे.