पतरस बुखारी आणि नभोवाणीची भाषा

सय्यद अहमदशाह बुखारी हे नाव दोन निरनिराळ्या इतिहासांत आढळते. उर्दू गद्याच्या अभ्यासकांना ते ‘पतरस’ या टोपणनावाने परिचित आहे. अवघ्या अकरा लेखांच्या एका संग्रहावर ज्याची वाङ्मयीन कीर्ती उभी आहे, असा हा विनोदकार. भारतीय नभोवाणीच्या इतिहासकारांना तेच नाव ऑल इंडिया रेडिओचे पहिले भारतीय प्रमुख म्हणून ठाऊक आहे. या दोन बाजूंचा विचार सहसा वेगवेगळा केला जातो. वस्तुतः त्या एकाच जीवनक्रमाच्या दोन अवस्था होत. बोलल्या जाणाऱ्या भाषेवरील विश्वास हे त्या दोहोंना जोडणारे सूत्र आहे, आणि त्या विश्वासाची कसोटी बुखारींना लेखनापेक्षा नभोवाणीच्या कारभारात अधिक कठोरपणे द्यावी लागली.

बुखारींचा जन्म १ ऑक्टोबर १८९८ रोजी पेशावर येथे झाला. हे शहर अनेक भाषांच्या संगमावर वसलेले आहे. शहराची बोली हिंदको, भोवतालच्या मुलखाची पश्तो, शिक्षणाची भाषा उर्दू व इंग्रजी, आणि जुन्या संस्काराची फारसी. पेशावरातील शालेय शिक्षणानंतर ते लाहोरच्या गव्हर्न्मेंट कॉलेजात आले. तेथील ‘रावी’ या नियतकालिकाचे संपादन त्यांनी विद्यार्थिदशेतच केले. पुढे केंब्रिजच्या इमॅन्युएल कॉलेजात इंग्रजी साहित्याचा अभ्यास करून ते परतले आणि १९२७ पासून गव्हर्न्मेंट कॉलेजात इंग्रजीचे प्राध्यापक झाले. फैज अहमद फैज, नून. मीम. राशिद आणि कन्हैयालाल कपूर हे त्यांच्या हाताखालून गेलेले विद्यार्थी. एवढी नामावळी पाहिली तरी त्यांच्या अध्यापनाचा आवाका ध्यानात येतो. गुरुदत्त सोंधी यांच्यासह त्यांनी महाविद्यालयीन रंगभूमीही जोपासली. उच्चारलेल्या शब्दाचे वजन किती असते, याचे शिक्षण त्यांना तेथे मिळाले असले पाहिजे.

लाहोरमध्ये त्या काळी तासीर, सालिक, इम्तियाज अली ताज, हफीज जालंधरी, चिराग हसन हसरत आदी लेखकांचे जे मंडळ ‘नियाजमंदाने लाहोर’ या नावाने प्रसिद्ध झाले, त्यात बुखारी अग्रभागी होते. दिल्ली-लखनौच्या भाषापंडितांना पंजाबी लेखकांची उर्दू अशुद्ध वाटे. भाषा ही जन्माने मिळालेली मिरास नसून जो तिच्यात जिवंत लेखन करील त्याची ती होय, अशी या मंडळाची भूमिका होती. ‘पतरस के मजामीन’ हा संग्रह या भूमिकेचे प्रत्यक्ष प्रमाण ठरला. वसतिगृहाची ओढ लागलेला विद्यार्थी, पहाटे उठण्याचा संकल्प करून फसलेला आळशी, खिळखिळी सायकल घेतलेला गृहस्थ असा या लेखांतील ‘मी’ स्वतःलाच हास्यविषय करतो. जवळजवळ त्याच सुमारास चिं. वि. जोशी यांचा चिमणराव मराठीत अवतरला, हे साम्य तुलनात्मक अभ्यासकाने लक्षात घेण्याजोगे आहे. दोघांच्याही गद्याचा डौल लिखित अलंकरणातून येत नाही. समोर बसून सांगणाऱ्या माणसाच्या आवाजातून तो येतो.

असा लेखक नभोवाणीकडे वळला, त्या वेळी ती संस्था बाल्यावस्थेत होती. २३ जुलै १९२७ रोजी मुंबई केंद्राचे आणि २६ ऑगस्ट रोजी कलकत्ता केंद्राचे उद्घाटन करणारी खासगी कंपनी तीन वर्षांच्या आत बुडाली व १९३० मध्ये सरकारला हे काम हाती घ्यावे लागले. १९३५ मध्ये बी.बी.सी.तून लायोनेल फील्डन हे नियंत्रक म्हणून आले, १ जानेवारी १९३६ रोजी दिल्ली केंद्र सुरू झाले आणि त्याच वर्षी जूनमध्ये ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव रूढ झाले. बुखारी १९३६ मध्येच या खात्यात दाखल झाले व फील्डन यांचे प्रमुख सहकारी बनले. लाहोर, लखनौ, मद्रास, तिरुचिरापल्ली, ढाका ही केंद्रे १९३७ ते १९३९ या अल्पावधीत उभी राहिली. १९४० मध्ये फील्डन गेल्यावर सर्व सूत्रे बुखारींकडे आली. पुढे नियंत्रकाचे पद महासंचालकाचे झाले. महायुद्धाच्या काळात, परकीय सरकारच्या नोकरीत राहून, एका भारतीय प्राध्यापकाने हा व्याप सांभाळला.

या काळातील दिल्ली केंद्र म्हणजे उत्तर भारतीय साहित्याचे एक संमेलनच होते. राशिद, कृष्णचंदर, उपेंद्रनाथ अश्क तेथे होते. सआदत हसन मंटो १९४१ मध्ये आले आणि १९४२ मध्ये भांडून निघून गेले. तेवढ्या अवधीत मंटोंनी शंभरावर नाटके व श्रुतिका लिहिल्या. राजिंदरसिंह बेदी लाहोर केंद्रात होते. पगारी नोकरी, ठरावीक वेळ आणि अदृश्य श्रोता या तिहेरी बंधनात या लेखकांनी संवादलेखनाचे जे शिक्षण घेतले, त्याचा ठसा त्यांच्या पुढील कथालेखनावरही दिसतो. लेखकांना सरकारी कचेरीत स्थान देण्याची ही प्रथा रुजविण्यात बुखारींचा वाटा मोठा आहे.

परंतु त्यांच्यापुढील खरा प्रश्न वेगळाच होता. बातमीपत्र मुळात इंग्रजीत तयार होई व नंतर त्याचे भाषांतर होई. उत्तर भारतासाठी ते ‘हिंदुस्थानी’त व्हावे, असे धोरण होते. ‘सरकार’, ‘लढाई’, ‘गाव’ अशा शब्दांशी कोणाचेच भांडण नव्हते. पण संकल्पनावाचक शब्द आला की वाट दुभंगे. ‘आजादी’ म्हणावे की ‘स्वतंत्रता’? ‘बैनुलअक्वामी’ म्हणावे की ‘अंतर्राष्ट्रीय’? छापील मजकुरात लिपी वाचकांची आधीच विभागणी करीत असे, आणि ज्याची लिपी त्याचा शब्दसंग्रह, हे सर्वांनी मुकाट्याने मान्य केलेले असे. नभोवाणीला लिपी नाही. त्यामुळे तेथे हिंदी व उर्दू एकरूप होतील, अशी अपेक्षा अस्थानी नव्हती. प्रत्यक्षात उलटे घडले. लिपीचा पडदा दूर होताच प्रत्येक शब्द उघडा पडला. एकच आवाज दोन्ही समाजांच्या घरांत पोहोचू लागला, आणि दोघांनाही तो परका वाटू लागला.

यावर उपाय म्हणून बुखारींच्या कारकीर्दीत एका शब्दावलीचे काम हाती घेण्यात आले. उर्दूच्या बाजूने हसरत आणि हिंदीच्या बाजूने सच्चिदानंद वात्स्यायन, म्हणजेच ‘अज्ञेय’, यांची त्यासाठी योजना झाली. आपापल्या भाषेत अधिकारी असलेले दोन लेखक एका मेजावर बसून इंग्रजी शब्दाला सर्वमान्य प्रतिशब्द शोधीत आहेत, हे दृश्य भारतीय भाषांच्या इतिहासात दुर्मिळ आहे. तरीही ते फलद्रूप झाले नाही. नभोवाणीची हिंदुस्थानी म्हणजे निव्वळ उर्दू, असा आक्षेप हिंदी साहित्य संमेलनाने घेतला व प्रकरण असहकारापर्यंत गेले. दुसरीकडे उर्दूच्या कैवाऱ्यांना प्रत्येक संस्कृत शब्द आक्रमण भासे. बुखारींचे धाकटे बंधू जुल्फिकार अली हेही याच खात्यात अधिकारी असल्याने बी.बी.सी. या आद्याक्षरांचा ‘बुखारी बंधू महामंडळ’ असा विनोदी अर्थ लावला जाऊ लागला. या टीकेत केवळ द्वेष होता असे म्हणता येणार नाही. लाहोरच्या वर्तुळातील माणसांचा भरणा झाला होता, आणि बुखारींच्या कानाला जी भाषा सहज वाटे ती गंगेच्या खोऱ्यातील बहुसंख्य श्रोत्यांना सहज वाटेलच, असे नव्हते. एके काळी दिल्ली-लखनौच्या मिरासदारीविरुद्ध झगडलेल्या लेखकावर आता मिरासदारीचाच आरोप यावा, यात दैवाचा उपरोध आहे.

मराठीतही याच सुमारास भाषाशुद्धीचा वाद रंगला होता, आणि फारसी-मराठी कोश रचणारे माधव जूलियन हेच तिचे पुरस्कर्ते झाले होते. पण मराठीतील वाद एका लिपीच्या व एका वाचकवर्गाच्या आत होता. ‘नभोनाट्य’, ‘श्रुतिका’ यांसारखे नवे शब्द रुजले, ‘अर्ज’ आणि ‘जमीन’ही टिकले, व भाषा अभंग राहिली. हिंदुस्थानीच्या पाठीशी असा एकसंध वाचकवर्ग नव्हता. वर्तमानपत्रे, शाळा, परीक्षा यांनी तो आधीच दुभागलेला होता. जे काम या संस्थांनी केले नव्हते, ते एकट्या नभोवाणीकडून होण्यासारखे नव्हते.

१९४६ मध्ये हंगामी सरकारात नभोवाणी खाते सरदार पटेलांकडे आले. १९४७ मध्ये बुखारी हे खाते सोडून लाहोरला आपल्या जुन्या महाविद्यालयाचे प्राचार्य म्हणून गेले. फाळणीत नऊ केंद्रांपैकी सहा भारताकडे व तीन पाकिस्तानकडे गेली. तिकडील नभोवाणीचे प्रमुखपद जुल्फिकार अली यांना मिळाले. दोन्ही देशांत हिंदुस्थानीची जागा अनुक्रमे हिंदी व उर्दू यांनी घेतली. पुढे बुखारी संयुक्त राष्ट्रसंघात पाकिस्तानचे कायम प्रतिनिधी झाले. १९५२ मध्ये ट्युनिशियाच्या स्वातंत्र्याचा प्रश्न त्यांनी तेथे हिरिरीने मांडला. पुढे त्यांच्याकडे संघटनेच्या माहिती विभागाची धुरा आली, आणि अनेक भाषांत एकच वार्ता पोहोचविण्याचे जुने काम जागतिक प्रमाणावर पुन्हा त्यांच्या वाट्याला आले. ५ डिसेंबर १९५८ रोजी न्यूयॉर्क येथे त्यांचे निधन झाले. दफनही त्याच परिसरात झाले.

नभोवाणीत गेल्यावर बुखारींची लेखणी जवळजवळ थांबली, ही उर्दू समीक्षेची जुनी खंत आहे. ती अनाठायी नाही. मात्र त्यांनी वाङ्मय सोडून कारभार पत्करला, एवढाच निष्कर्ष त्यातून काढणे अपुरे होईल. अकरा लेखांत जी बोलती भाषा त्यांना साधली होती, ती एका विशाल देशाच्या कानी पडावी, असा त्यांचा प्रयत्न होता. लेखकाला भाषा घडविता येते. पण ती कोणाची, हे समाज ठरवितो. बुखारींच्या यशात या विधानाचा पूर्वार्ध आणि अपयशात उत्तरार्ध सिद्ध झाला. भारतीय साहित्याच्या अभ्यासकाला त्यांचे चरित्र उपयुक्त वाटते, ते या दोन्हींसाठी.