बाप्तिस्म्यानंतरचा संसार

मैत्रिणींनो, 'स्मृतिचित्रे' आपल्यापैकी पुष्कळजणींनी वाचलं असेल. ते लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक म्हणजे तशा आपल्या रत्नागिरीच्याच सूनबाई. त्यांचे यजमान कवी नारायण वामन टिळक यांचा जन्म 1861 सालचा, आपल्या जिल्ह्यातल्या करजगावचा. बाईंचा जन्म 1868चा, माहेर नाशिकजवळचं जलालपूर. वडील सोवळ्याचे इतके कडक की बाजारातली वस्तू धुतल्याशिवाय घरात यायची नाही. तेच सोवळं घेऊन मनू अकराव्या-बाराव्या वर्षी टिळकांच्या घरी आली.

टिळक बुद्धिमान, मनाने प्रेमळ, पण राग मात्र नाकावर. 1895 मध्ये त्यांनी मुंबईला बाप्तिस्मा घेतला आणि बाईंवर आकाश कोसळलं. लहानग्या दत्तूला घेऊन त्या काही वर्षं नवऱ्यापासून वेगळ्या, नातलगांकडे राहिल्या. पुढे नगरला त्यांच्याकडे गेल्या, तरी आपलं सोवळं त्यांनी सोडलं नाही. ते सुटलं ते कुणी सक्ती केली म्हणून नाही. जातिभेद देवाने केला की माणसाने, याचा त्यांनी स्वतःशीच विचार केला, मनाची खात्री पटली, आणि मग 1900 साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला.

गोष्ट इथे संपली असती तर ती एक भक्तिकथा झाली असती. मला मोलाचं वाटतं ते त्यापुढचं. ख्रिस्ती श्रद्धेप्रमाणे तारण देवाच्या कृपेने मिळतं. पण जुना स्वभाव काही त्याच दिवशी गळून पडत नाही, त्याच्याशी झुंज रोजची. टिळकांच्या घरात हेच दिसतं. नवरा-बायको दोघंही एकाच देवाची प्रार्थना करू लागली, तरी टिळकांचा राग होताच. पैसा हातात टिकायचा नाही, कोण गरजू दिसला की दिला. अनाथ पोरं घरी आणायची, आणि चूल पेटवायची बाईंनी! मग भांडणं होणारच. बाईही काही गप्प बसणाऱ्या नव्हत्या, जीभ चांगली तिखट होती. पण टिळकांचा राग जसा चढायचा तसाच उतरायचा, आणि उतरला की बायकोपाशी कमीपणा घ्यायला त्यांना लाज वाटत नसे. त्या काळच्या पुरुषाला हे सोपं नव्हतं.

आणि बाई? जिला कधीकाळी परक्याचा स्पर्श चालत नव्हता, तिने नगरला प्लेगच्या दिवसांत आजारी मुलींची सेवा केली. सोवळं मनातून गेलं की नाही, याची याहून मोठी परीक्षा कुठली?

1919 मध्ये टिळक गेले. त्यांचं अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' बाईंनी पुढे नेलं. कधी शाळेत न गेलेल्या या बाईने लिहिलेलं 'स्मृतिचित्रे' 1934 पासून भागाभागाने प्रसिद्ध झालं. 1936 साली त्या गेल्या. नवऱ्याचे दोष त्यांनी झाकले नाहीत, आणि स्वतःचे तर हसत हसत सांगितले.

आमच्या मंडळात बायका येतात. म्हणतात, ताई, ह्यांनी माळ घातली, दारू सोडली, पण तोंड सुटायचं ते सुटतंच. मग माळ खोटी का? मी त्यांना लक्ष्मीबाईंचं सांगते. माळ खोटी नाही, पण ती घातली म्हणून काम संपलं असंही नाही. मात्र एक विचारते, राग उतरल्यावर ते चुकलं म्हणतात का? म्हणत असतील तर धीर धरा. म्हणत नसतील, वर हातही उचलत असतील, तर देवाच्या नावावर सोसत बसू नका, आमच्याकडे या. आणि बायांनो, हाच प्रश्न रात्री निजताना आपणही आपल्याला विचारावा. सुनेला आज काय बोलले? धुणं-भांडीवालीचा कप अजून वेगळा का ठेवते? धर्म कुठलाही असो, खरी परीक्षा आपल्या ओट्यापाशीच असते.