८२ वर्षांच्या आजी पाय कापू देईनात, तेव्हा 'क्रेझी चार्ली'ने बिना चिरफाडीचा इलाज करून दाखवला

पुणे असो, नाशिक असो की ठाणे, व्हेरिकोज व्हेन्सच्या इलाजाचा एखादा बोर्ड चौकात दिसतोच. लेझरने उपचार, टाके नाहीत, त्याच दिवशी घरी, असं काहीसं त्यावर लिहिलेलं असतं. आणि डॉक्टरांच्या नावाखाली बऱ्याचदा एक लांबलचक शब्द असतो, इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट.

आता रेडिओलॉजिस्ट म्हटलं की आपल्याला आठवतो तो एक्स-रे बघणारा, सोनोग्राफीचा रिपोर्ट देणारा डॉक्टर. मग रिपोर्ट देणारा हा माणूस पेशंटच्या पायात सुई घालून इलाज करायला कधीपासून लागला?

त्यासाठी साठ वर्षं मागे जावं लागतं. अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरात एक डॉक्टर होते, चार्ल्स डॉटर. लोक त्यांना क्रेझी चार्ली म्हणायचे.

नळ आणि पाना

डॉटर यांचा जन्म १४ जून १९२० चा, बोस्टनचा. त्यांनी ड्यूक विद्यापीठातून पदवी घेतली आणि १९४४ मध्ये कॉर्नेलच्या मेडिकल कॉलेजातून ते डॉक्टर झाले. यंत्रांचं वेड त्यांना लहानपणापासूनच होतं. एखादी वस्तू चालते कशी, हे उघडून बघितल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे.

रेडिओलॉजीत ते इतके झपाट्याने पुढे गेले की १९५२ मध्ये, वयाच्या ३२ व्या वर्षी, पोर्टलंडच्या युनिव्हर्सिटी ऑफ ओरेगॉन मेडिकल स्कूलने त्यांना थेट विभागप्रमुख केलं. ती खुर्ची त्यांनी पुढची ३३ वर्षं सांभाळली.

त्या काळात रेडिओलॉजिस्टचं काम ठरलेलं होतं. शरीराच्या आतला फोटो काढायचा, दोष कुठे आहे ते सांगायचं आणि फाइल सर्जनकडे पाठवून द्यायची. इलाज सर्जन करणार, तोही चाकूने.

डॉटरना हे पटत नव्हतं. त्यांचं डोकं प्लंबरसारखं चालायचं. नळ तुंबला तर प्लंबर अख्खी भिंत फोडत नाही, आतून तार फिरवून कचरा बाजूला करतो. मग तुंबलेल्या रक्तवाहिनीसाठी अख्खा पाय उघडायची काय गरज? एकमेकांवर आडवे ठेवलेले पाईप आणि पाना ही तर त्यांनी आपली खूणच करून टाकली होती.

सुई, तार आणि नळी

या विचाराला पाया मिळाला तो स्वीडनमध्ये. तिथल्या स्वेन सेल्डिंगर नावाच्या रेडिओलॉजिस्टने १९५३ मध्ये एक साधी युक्ती मांडली. रक्तवाहिनीत पोकळ सुई टोचायची, सुईतून बारीक तार आत सरकवायची, सुई काढून घ्यायची आणि त्याच तारेवरून एक पातळ नळी आत न्यायची. या नळीला म्हणतात कॅथेटर. कापाकापी न करता रक्तवाहिनीच्या आत शिरायचा रस्ता सापडला होता.

पण सगळे जण हा रस्ता फोटोपुरताच वापरत होते. नळीतून औषध सोडायचं आणि एक्स-रेवर रक्तवाहिनीचा नकाशा बघायचा, एवढंच.

१९६३ मध्ये डॉटर एका पेशंटची अशीच तपासणी करत होते. पेशंटची ओटीपोटातली एक धमनी बंद पडलेली होती. नळी वर सरकवताना ती चुकून त्या बंद जागेतून आरपार गेली, आणि बंद पडलेली धमनी मोकळी झाली.

दुसरा कोणी असता तर थोडक्यात निभावलं म्हणून गप्प बसला असता. डॉटर मात्र त्याच वर्षी जूनमध्ये चेकोस्लोव्हाकियातल्या कार्लोव्ही व्हारी इथल्या परिषदेत उभे राहिले आणि कॅथेटर हे फक्त बघायचं साधन नसून उद्या ते शस्त्रक्रियेचं हत्यार होऊ शकतं, असं त्यांनी मांडलं.

१६ जानेवारी १९६४

पुढच्याच वर्षी ती वेळ आली. हॉस्पिटलमध्ये ८२ वर्षांच्या एक आजी दाखल होत्या. मांडीतली मुख्य धमनी एका जागी इतकी अरुंद झाली होती की पावलापर्यंत रक्तच पोचत नव्हतं. पायाला असह्य ठणका लागला होता, बोटांना गँगरीन झालं होतं. डॉक्टरांचं मत स्पष्ट होतं, पाय कापावा लागेल.

आजींनी साफ नकार दिला.

या वयात पाय गेला तर माणूस अंथरुणाला खिळतो, आणि कापायचा नाही तर गँगरीन वर चढत जातं. दोन्हीकडून कोंडी होती. शेवटी सर्जननेच डॉटरना विचारलं, तुमच्याकडे काही उपाय आहे का?

१६ जानेवारीला डॉटरनी आजींच्या धमनीत सुईने वाट केली. एक तार हलक्या हाताने अरुंद जागेच्या पलीकडे नेली. तारेवरून एक बारीक टेफ्लॉनची नळी आणि मग त्या नळीवरून आणखी जाड नळी सरकवली. अडकून बसलेला थर बाजूला दाबला गेला आणि रक्ताला वाट मिळाली.

थंडगार पडलेलं पाऊल काही मिनिटांतच गरम झालं.

ही धमनी लवकरच पुन्हा बंद होणार, अशी बऱ्याच जणांची खात्री होती. तसं झालं नाही. आजी त्यानंतर दोन वर्षांहून जास्त जगल्या, त्याही स्वतःच्या दोन्ही पायांवर. त्यांच्या मृत्यूपर्यंत ती धमनी उघडीच होती.

गिटारची तार आणि उसना टॉर्च

या कामासाठी लागणारी साधनं बाजारात मिळत नव्हती, त्यामुळे डॉटर ती स्वतः बनवायचे. तारेच्या प्रयोगांसाठी त्यांनी गिटारच्या तारा वापरून बघितल्या, गाडीच्या स्पीडोमीटरची केबलसुद्धा सोडली नाही.

१९६३ च्या अखेरीस शिकागोत रेडिओलॉजिस्ट लोकांचं संमेलन भरलं होतं. तिथे बिल कुक नावाचा एक तरुण छोटासा स्टॉल लावून बसला होता. टेफ्लॉनची नळी टॉर्चच्या ज्योतीवर तापवून तो लोकांसमोर कॅथेटर तयार करून दाखवायचा. डॉटर बराच वेळ उभं राहून बघत होते. मग त्यांनी तो टॉर्च आणि नळ्या एका रात्रीसाठी मागून घेतल्या.

दुसऱ्या दिवशी ते दहा तयार कॅथेटर घेऊन हजर झाले. कुकने ते प्रत्येकी दहा डॉलरला विकले. घरातल्या एका खोलीतून सुरू झालेली कुकची कंपनी पुढे वैद्यकीय साधनं बनवणाऱ्या जगातल्या मोठ्या कंपन्यांपैकी एक झाली.

घरात टिंगल, बाहेर नाव

नोव्हेंबर १९६४ मध्ये डॉटर आणि त्यांचे सहकारी मेल्विन जडकिन्स यांनी 'सर्क्युलेशन' या जर्नलमध्ये आपलं तंत्र जाहीर केलं. नऊ पेशंट आणि अकरा पाय, एवढा त्यांचा अनुभव होता.

अमेरिकेतल्या सर्जन मंडळींनी मात्र नाक मुरडलं. एक्स-रेवाल्याने इलाज करायचा ही कल्पनाच त्यांना रुचत नव्हती. एका सर्जनने तर पेशंट पाठवताना चिठ्ठीवरच बजावलं होतं की फक्त फोटो काढा, दुरुस्तीच्या भानगडीत पडू नका. डॉटर भानगडीत पडलेच.

डॉटर यांचा स्वभावही या भांडणात तेल ओतायचा. एकदा तर ते स्वतःच्या हृदयापर्यंत कॅथेटर घालून तसेच व्याख्यानाला आले आणि स्वतःच्या हृदयातला रक्तदाब पडद्यावर दाखवू लागले. १९६४ मध्ये 'लाइफ' मासिकात त्यांचे काम करतानाचे फोटो छापून आले. त्यातला त्यांचा झपाटलेला चेहरा बघून 'क्रेझी चार्ली' हे नाव त्यांना कायमचं चिकटलं.

त्यांचं तंत्र टिकलं ते युरोपमुळे. जर्मनीतल्या एबरहार्ड त्साइटलर यांनी ते उचललं, शेकडो पेशंटवर वापरलं. तिकडे या उपचाराला नावच पडलं, डॉटरिंग.

त्यात एक अडचण होती. नळी जेवढी जाड, तेवढंच मोठं भोक धमनीला पाडावं लागायचं. त्साइटलर यांच्याकडे हे तंत्र शिकलेल्या आंद्रेआस ग्रुंटझिग या तरुण डॉक्टरने त्यावर उपाय काढला. त्याने नळीच्या टोकाला छोटा फुगा बसवला. नळी बारीकच आत जायची आणि अरुंद जागी पोचल्यावर फुगा फुगवायचा. १९७४ मध्ये झुरिचला त्याने हा फुगा पायाच्या धमनीत वापरला आणि १९७७ मध्ये थेट हृदयाच्या धमनीत.

आज घराघरांत माहीत असलेली अँजिओप्लास्टी ती हीच. स्टेंटची कल्पनाही डॉटरनी फार आधी हाताळली होती. १९६९ मध्येच त्यांनी कुत्र्यांच्या पायातल्या धमन्यांत धातूच्या स्प्रिंगा बसवल्याचे प्रयोग प्रसिद्ध केले होते.

मग व्हेरिकोज व्हेन्सचा काय संबंध?

डॉटर यांचं काम मुख्यतः धमन्यांचं. धमनी हृदयाकडून पायाकडे रक्त नेते. व्हेरिकोज व्हेन्सचा आजार मात्र शिरांचा. शीर पायातलं रक्त वर हृदयाकडे परत नेते. चढणीचा रस्ता असल्याने तिच्यात जागोजागी छोट्या झडपा असतात, रक्त खाली घसरू नये म्हणून. या झडपा निकामी झाल्या की रक्त खाली साचतं, शीर फुगते, वेडीवाकडी होते. पाय जड होतात, सुजतात, घोट्यापाशी त्वचा काळी पडते आणि दुर्लक्ष केलं तर तिथे लवकर न भरणारी जखमही होऊ शकते.

यावरचं जुनं ऑपरेशन म्हणजे स्ट्रिपिंग. जांघेत चीर देऊन खराब शीर अख्खी ओढून बाहेर काढायची.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी आधी रेडिओफ्रिक्वेन्सी आणि पाठोपाठ लेझर आलं. सोनोग्राफीत बघत शिरेत सुई टोचायची, तारेच्या वाटेने बारीक नळी आत न्यायची, आजूबाजूचा भाग बधिर करायचा आणि आतून उष्णता देऊन खराब शीर बंद करून टाकायची. रक्त पायातल्या खोल, निरोगी शिरांतून जायला लागतं. पेशंट सहसा त्याच दिवशी चालत घरी जातो.

डॉटर तुंबलेली वाट उघडायचे, इथे खराब वाट बंद केली जाते. काम उलटं आहे. पण सुई, तार, नळी हा क्रम तोच, आणि चिरफाडीशिवाय आतून दुरुस्ती करायची ही हिंमतही तीच. २०१३ मध्ये ब्रिटनच्या नाइस या सरकारी संस्थेने आपल्या मार्गदर्शक सूचनांमध्ये अशा उष्णतेच्या उपचाराला पहिली पसंती दिली. स्ट्रिपिंगचा नंबर शेवटी लागला.

एकेकाळी या तंत्रावर नाराज असलेले व्हॅस्क्युलर सर्जनही आता ते सर्रास वापरतात. त्यामुळे डॉक्टर निवडताना बोर्डावर लेझर लिहिलंय का, एवढंच बघून भागत नाही. डॉक्टर इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट आहेत की व्हॅस्क्युलर सर्जन, त्यांनी या कामाचं प्रशिक्षण घेतलंय का आणि आधी कलर डॉप्लर करून नेमकी कुठली शीर खराब आहे ते तपासलंय का, हे विचारायचा पेशंटला पूर्ण हक्क आहे.

शेवटपर्यंत वेडाच

डॉटरना डोंगरांचंही तेवढंच वेड. अलास्का सोडून अमेरिकेतली १४ हजार फुटांहून उंच अशी ६७ शिखरं त्यांनी सर केली. कॅन्सर झाला, हृदयाची ऑपरेशनं झाली, तरी काम थांबलं नाही. १९७८ मध्ये नोबेलसाठी त्यांचं नाव सुचवलं गेलं, पण पुरस्कार काही मिळाला नाही.

१५ फेब्रुवारी १९८५ रोजी पोर्टलंडमध्येच त्यांचं निधन झालं. तोपर्यंत ज्या अमेरिकेने त्यांना वेडं ठरवलं होतं, तीच अमेरिका युरोपातून परत आलेलं त्यांचं तंत्र शिकत होती. १९९० मध्ये त्यांच्याच विद्यापीठात त्यांच्या नावाने डॉटर इंटरव्हेन्शनल इन्स्टिट्यूट उभी राहिली. ज्यांना फक्त फोटो काढा म्हणून सांगितलं जायचं, त्यांच्या नावाच्या संस्थेत आज डॉक्टर इलाज शिकायला येतात.