मातीतला काळ मोजणारे डॉ. सांकलिया

महाराष्ट्राचा इतिहास सातवाहनांपासून सुरू होतो, अशी आपल्यापैकी पुष्कळांची समजूत असते. त्याआधी येथे कोण राहत होते, काय पिकवत होते, या प्रश्नांचे उत्तर ज्यांनी जमिनीतून काढले, त्या डॉ. हसमुख धीरजलाल सांकलिया यांचे नाव आमच्या काळेवाडीत फारच थोड्यांना ठाऊक आहे. त्यांची कर्मभूमी असलेले येरवड्याचे डेक्कन कॉलेज मात्र येथून जवळच आहे. म्हणून हा लेखप्रपंच.

सांकलिया मूळचे गुजराती. जन्म मुंबईत, १० डिसेंबर १९०८ रोजी. मूल इतके अशक्त होते की ते जगेल अशी घरच्यांना आशा नव्हती. पंधराव्या वर्षी लोकमान्य टिळकांचा आर्यांच्या मूलस्थानाविषयीचा ग्रंथ त्यांनी वाचला. तो पुरता उमगला नाही, पण आर्यांचा शोध घ्यायचा हे मनाने घेतले. पुढे सेंट झेवियर्स कॉलेजात फादर हेरास यांचे मार्गदर्शन लाभले. १९३६ साली लंडनची पीएच. डी. मिळाली आणि तेथेच मॉर्टिमर व्हीलर यांच्या उत्खननात शास्त्रशुद्ध खोदकामाचे धडे मिळाले. १९३९ मध्ये डेक्कन कॉलेज संशोधन संस्था म्हणून पुन्हा सुरू झाले, तेव्हा ते तेथे प्राध्यापक झाले आणि कायमचे पुणेकर बनले.

नाशिक, जोर्वे, नेवासे, नर्मदाकाठचे नावडातोली अशी एकामागून एक उत्खनने झाली. सातवाहनांच्या थराखाली रंगीत खापरे आणि तांब्याच्या वस्तू वापरणाऱ्या शेतकऱ्यांची वस्ती सापडली. परंतु खापर फार तर आधी कोण आणि नंतर कोण एवढेच सांगते. साल सांगत नाही.

ते साल सांगणारी युक्ती विलर्ड लिबी या अमेरिकन शास्त्रज्ञाने शोधली. योगायोग असा की लिबी सांकलियांपेक्षा अवघ्या सात दिवसांनी लहान! प्रत्येक सजीवात किरणोत्सारी कार्बन अल्प प्रमाणात असतो. जीव गेला की नवा कार्बन येणे थांबते आणि असलेला ठराविक गतीने घटतो. सुमारे ५७३० वर्षांत तो निम्मा होतो. उरलेला मोजला की वय कळते. नावडातोली आणि नेवासे येथील कोळशाच्या तारखा अशा रीतीने ठरल्या. पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही अशी प्रयोगशाळा उभी राहिली.

मात्र या हिशेबात एक गृहीत होते. हवेतील या कार्बनाचे प्रमाण सर्व काळ सारखेच राहिले, असे लिबीने धरले होते. ते खरे नव्हते, आणि याची साक्ष दिली झाडांनी. झाडाच्या खोडात दर वर्षी एक वलय पडते, आणि त्या वलयातला कार्बन त्या वर्षीच्या हवेतलाच असतो. कॅलिफोर्नियाच्या पर्वतांवर हजारो वर्षे जगणारे पाइन आहेत. जिवंत आणि वठलेल्या खोडांची रुंद-अरुंद वलये एकमेकांशी जुळवून संशोधकांनी सलग वर्षमाला तयार केली. मग ज्याचे साल नक्की ठाऊक आहे अशा वलयातला कार्बन मोजला. १९६७ मध्ये हान्स स्यूस यांनी दोहोंतला फरक दाखवणारा आलेख प्रसिद्ध केला. कार्बनाच्या मोजणीने तीन हजार वर्षे जुना ठरलेला कोळसा प्रत्यक्षात सुमारे दोनशे वर्षांनी अधिक जुना निघतो. त्याहून मागे गेले तर फरक आणखी वाढतो.

याचा अर्थ आपल्याकडच्या तारखाही नव्याने मांडणे भाग होते. सांकलिया नावडातोलीच्या खापरांची तुलना इराणमधील खापरांशी करीत. एका देशाची तारीख दुरुस्त आणि दुसऱ्याची बेदुरुस्त असेल, तर शेजारी परके ठरतात आणि परके शेजारी! १९६८ मध्ये शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगावचे उत्खनन सुरू झाले. डॉ. ढवळीकर आणि डॉ. अन्सारी त्यांचे सहकारी होते. तेथे घरे सापडली, जळालेले धान्य सापडले, चार पायांच्या रांजणात बसवून पुरलेला माणूस सापडला. वलयांच्या आधारे दुरुस्त केलेल्या हिशेबाने ही वस्ती इ. स. पू. १६०० ते ७०० या काळातली ठरते. घोडचे पाणी आणि आमच्या पवनेचे पाणी शेवटी एकाच भीमेला मिळते, हे ध्यानात घेतले की ते शेतकरी मला परके वाटत नाहीत.

सांकलियांना १९७४ मध्ये पद्मभूषण मिळाले. इनामगावचा बृहद् अहवाल १९८८ मध्ये निघाला आणि २८ जानेवारी १९८९ रोजी त्यांचे निधन झाले.

आपला इतिहास जितका जुना तितका आपला मान मोठा, असे मानणारे पुष्कळ भेटतात. झाडांची वलये मात्र कोणाचा मान राखत नाहीत. ती काही शतकांच्या तारखा मागे नेतात, तर काहींच्या अलीकडेही आणतात. आज काळेवाडीत इमारतींसाठी पाया खणताना निघणारी माती ट्रकमध्ये भरून जाते. तिच्यात एखादे रंगीत खापर किंवा कोळशाचा तुकडा आहे का, एवढे थांबून पाहण्याची सवय आपल्याला लागली, तर सांकलियांचे काम पुढे चालले असे मी म्हणेन.